रेतीच्या पिंपाची नोंद: उष्णता साठते, वीज होऊन बाहेर निघत नाही

चवथ झाली, आकाश उघडलं आणि डिचोलीच्या घरामागे पिंप पुन्हा उभं केलं. छपरावर दोन किलोवॉटची पॅनेलं आहेत. साडेदहापर्यंत बॅटऱ्या भरतात आणि पुढचं ऊन वाया जातं. ती वीज नायक्रोमच्या (तापणाऱ्या तारेच्या) एक किलोवॉटच्या कॉइलमधून साठ किलो रेतीत सोडायची आणि रात्री त्या उष्णतेची परत वीज करायची, हाच खटाटोप.

पहिल्या दिवशी तासाभरात रेती शंभर अंशांवर गेली आणि तिथेच अडली. जवळपास दोन तास काटा हलेना, झाकणाच्या भोकातून मात्र वाफेची धार चालू. कॉइल तपासली, तारा तपासल्या. शेवटी आई म्हणाली, "अरे, जत्रेतला चणेकार आधी रेती भाजून घेतो, मगच चणे टाकतो." रेती पावसाळाभर ताडपत्रीखाली होती, पण आमच्याकडची हवाच ओली. साठ किलोत पाच टक्के पाणी म्हणजे तीन लिटर, आणि त्याची वाफ करायला 1.9 युनिट लागतात. ज्यांना गोव्यात किंवा कोकणात हे करायचं आहे त्यांनी पहिला दिवस रेती सुकवण्यातच जाईल असं धरा, आणि वाफेला वाट ठेवा. बंद पिंप फुटू शकतं.

सुकल्यावर चित्र बदललं. साडेदहाला सुरू केलेली रेती चारपर्यंत 380 अंशांवर, म्हणजे पाच युनिटांच्या आसपास साठा. भोवती सहा इंच रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर. पहाटे चारला रेतीतल्या तिन्ही थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांची) सरासरी 255. बारा तासांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेली. हात लावला तर पत्रा जेमतेम कोमट लागतो, तरी एवढी गळती. दोष लहान आकाराचा आहे. पिंपाची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर रेती आठपट होते आणि पृष्ठभाग चौपटच. फिनलंडमधल्या कांकानपाला 2022 पासून चालणाऱ्या साठ्यात शंभर टन रेती आहे, म्हणूनच ते आठवडे उष्णता धरतात. तिथे तिचा उपयोग घरं तापवायलाच होतो, वीज करायला नाही. हॅम्बुर्गला 2019 मध्ये हजार टन ज्वालामुखी दगड 750 अंशांपर्यंत तापवून, त्यावरून गरम हवा फिरवून वाफेवर टर्बाइन चालवला होता. मला आता तोच रस्ता पटू लागलाय.

कारण खरी अडचण वीज काढताना कळली. पिंपाच्या तळाशी पोलादी पट्टी, तिला चार थर्मोइलेक्ट्रिक पाट्या (एक बाजू गरम, दुसरी गार ठेवली की वीज देणाऱ्या), आणि पाट्यांच्या दुसऱ्या बाजूला विहिरीचं पाणी. सुरुवातीला नऊ वॉट मिळाले. राऊटर चालला, फार बरं वाटलं. वीस मिनिटांत चार वॉट. मधली रेती 340 अंशांवर, पट्टीजवळची 160. कोरडी रेती उष्णतेची वाहक नाही, जवळजवळ रोधकच आहे. जी गोष्ट साठवायला चांगली तीच काढताना नडते. शिवाय या पाट्या आत आलेल्या उष्णतेतली चारेक टक्केच विजेत बदलतात. पाच युनिटांतून फार तर दोनशे वॉट-अवर, हे मान्य करूनच मी पुढे चाललोय.

एक चूक सांगून ठेवतो, म्हणजे तुमची वाचेल. कॉइलला घरच्या एसी विजेसाठीचा साधा थर्मोस्टॅट (तापमान बघून चालू-बंद करणारा स्विच) लावला होता. पॅनेलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी; तिची ठिणगी सहज विझत नाही, त्यात संपर्क वितळून चिकटले आणि कॉइल बंदच होईना. रेती 430 पर्यंत गेली तेव्हा पॅनेलची वायर मीच ओढून काढली. डीसीसाठी बनवलेला स्विच आणि वेगळा तापमान-कट हवाच. रेतीतल्या क्वार्ट्झची रचना 573 अंशांना बदलते आणि ती फुगते, म्हणून मी 450 ची हद्द ठेवली आहे.

आता रेती उपसून निम्म्या पिंपात काळ्या दगडाची मोठी खडी भरतोय, फटींतून हवा जाईल अशी. तळाशी पोलादी नळी आणि एक छोटा ब्लोअर बसवला की गरम हवाच पाट्यांपर्यंत आणता येईल. खडी धुऊन अंगणात सुकत घातली आहे. तीन दिवस ऊन पडलं तर रविवारी भरेन.