घाबरणं संपल्यावर

"भीती वाटते का गं?"

नवा भयपट बघून झाला की ओळखीतल्या चार-पाच पक्क्या शौकिनांचे फोन ठरलेले, आणि पहिला प्रश्न हाच. मी घुटमळते. कारण खरं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते जवळजवळ प्रत्येक सिनेमाला लागू आहे. वर्षानुवर्षं हेच बघत आल्यावर दार करकरलं की मला तेलाच्या डबीची आठवण होते. न्हाणीघरातल्या आरशाचं कपाट कुणी उघडलं, की ते बंद होताना मागे कोण उभं असणार हे मीही ओळखते आणि तुम्हीही. मग मी भयपटांवर लिहिते कशाच्या जोरावर?

दिवसा मी लोकांचे हिशेब तपासते. ती खोड अंधारातही सुटत नाही. सिनेमा बघताना मांडीवर वही असते, पानावर उभी रेघ मारलेली. डावीकडे मिनिट, उजवीकडे नोंद. "१२ – फोन लागत नाही. आलंच." "२६ – मांजर." "३१ – पुन्हा मांजर." अशा नोंदींनी भरलेल्या कितीतरी वह्या आहेत, आणि त्या वाचल्या तर कुणालाही वाटेल की ह्या बाईला हा प्रकार मुळात आवडतच नाही.

मध्यंतरी त्या वह्या चाळताना 'लेक मुंगो'चं पान निघालं. २००८ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, माहितीपटाच्या थाटात केलेला. मुलगी बुडून गेली आहे आणि घरातली माणसं कॅमेऱ्यासमोर बसून शांतपणे बोलताहेत, बस. पहिल्या अर्ध्या तासाच्या माझ्या नोंदी कुत्सित आहेत. "मुलाखत." "अजून एक मुलाखत." मग मोबाइलवर घेतलेलं एक धूसर चित्रण येतं. तिथून पुढे माझी उजवी बाजू कोरी आहे. मिनिटाचे आकडेही नाहीत. नंतर बऱ्याच खाली एकच शब्द, तोही वाकडा: "श्रेयनामावली." (शेवटची नावं यायला लागली म्हणून उठू नका, एवढंच सांगते.)

तेव्हा कळलं की माझ्यापुरतं मोजमाप हे आहे. मी घाबरले का, हे मला धड सांगता येत नाही. पण हात लिहायचा कुठे थांबला, हे वही सांगते.

आवाजाचं महत्त्व मात्र फार आधी कळलं होतं, तेही उलट्या बाजूनं. दादा बारावीत, मी सातवीत. आईबाबा झोपल्यावर टीव्हीचा आवाज पार बंद करून आम्ही 'हॅलोवीन' बघितला, १९७८ चा. पांढरा मुखवटा घातलेला माणूस झुडपापाशी उभा आहे, मग नाही. रस्त्यापलीकडे उभा आहे, मग नाही. तासाभरात दादा पेंगला. मला तर त्या माणसाची दयाच आली. एकटाच हिंडतोय बिचारा, कुणी बोलायला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मी बढाई मारली की मला काहीसुद्धा वाटलं नाही. पुढे कॉलेजात तोच सिनेमा आवाजासकट लावला आणि वीस मिनिटांत उठून खोलीतला दिवा लावला. ती पाच मात्रांची पियानोची धून! कान चारवर थांबायला जातो आणि ती थांबत नाही, एक पाऊल पुढे टाकते.

नंतर केव्हातरी वाचलं की सिनेमाचा दिग्दर्शक, खुद्द जॉन कार्पेंटरवर हीच वेळ आली होती. संगीत आणि आवाज न भरलेला कट त्यानं एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला, तर त्या ढिम्म घाबरल्या नाहीत. मग सिनेमा संगीतानं वाचवायचा असं त्यानं ठरवलं, आणि ते संगीतही स्वतःच केलं. सातवीतली मी आणि त्या बाई एकाच बाकावरच्या. तेव्हापासून माझा नियम आहे: मोबाइलवर, किंवा एका कानात इअरफोन घालून पाहिलेल्या भयपटावर लिहायचं नाही. तो सिनेमा आपण पाहिलेलाच नसतो.

तारे देणं मी सोडलं. पाचपैकी साडेतीन तारे म्हणजे नेमकं काय झालं माणसाला? त्यापेक्षा आपल्या भाषेत ह्या कामासाठी अवजारांची पेटीच भरलेली आहे. दचकणं वेगळं, धास्तावणं वेगळं. शिसारी येते तेव्हा माणूस मागे सरकतो; बोबडी वळते तेव्हा त्याला सरकताही येत नाही. काळजात चर्र होतं ते बहुधा भुताला बघून नसतंच, एखाद्या माणसाचं आता काय होणार हे उमगल्यावर होतं. डेव्हिड क्रोननबर्गच्या 'द फ्लाय'ला (१९८६) मी कुठला तारा देऊ? पहिल्या भागात अचंबा, मग शिसारी, आणि शेवटी चर्र. तीन शब्दांत परीक्षण संपलं, आणि शौकिनाला नेमकं काय वाढून ठेवलंय ते कळलं.

दचकवण्याला आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. आवाज एकदम मोठा केला की कुणीही उडेल, त्यात कसली कला, असं. पंधरातल्या चौदा वेळा मला हे पटतं. पण मग 'कॅट पीपल' (१९४२) आठवतो. रात्रीची वेळ, बागेच्या भिंतीलगतचा रस्ता, एकटी बाई चाललीये. ऐकू येतो फक्त टाचांचा आवाज. मागे दुसऱ्या टाचा. मग त्या दुसऱ्या टाचा बंद होतात. पडद्यावर काहीच घडत नाही आणि आपण त्या बंद झालेल्या आवाजाकडे कान लावून बसतो. ती घाबरीघुबरी होऊन दिव्याखालून दिव्याखाली पळते, आणि त्याच क्षणी श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज करत समोर येऊन थांबते ती बस. साधी, प्रवासी बस. दिग्दर्शक जाक तुर्नर, निर्माता व्हाल लुटन. ह्या युक्तीला सिनेमावाले आजही 'लुटन बस' म्हणतात. तिथे दचकणं म्हणजे आधी साठवलेल्या धास्तीची वसुली आहे. आजचे बरेचसे सिनेमे काहीही न साठवताच वसुलीला येतात, माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे.

युक्ती कळली की मजा जाते, असंही म्हणतात. मला तसा अनुभव नाही. 'द एक्झॉर्सिस्ट'मधली (१९७३) मुलीची खोली खरोखर गारठवली होती, म्हणून नटांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. 'रिंगू'मध्ये (१९९८) विहिरीतल्या भुताचं, सादाकोचं काम करणारी नटी उलटी चालली आणि चित्रण उलटं फिरवलं, म्हणून ती चाल माणसाची वाटत नाही. हे सगळं मला पाठ आहे. तरी ती विहिरीकडून निघाली की मी वहीत नाही, पडद्यावर बघत असते.

आता एक कबुली. 'द थिंग'वर मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा अगदी थिल्लर लिहिलं होतं. अंटार्क्टिकातला तळ, वेष बदलून माणसांत मिसळणारा परग्रहावरचा जीव, आणि मी लिहिलं काय, तर "चिकट लगद्याची मारामारी". १९८२ च्या जूनमध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनीही असंच काहीसं म्हटलं होतं. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, परग्रहावरच्या पाहुण्याला मिठी मारायचे दिवस होते. त्यांना निदान ते निमित्त तरी होतं. मला कसलंच नव्हतं. मी जेवढं डोळ्यांत भरलं तेवढंच पाहिलं होतं: रॉब बॉटिननं केलेली ती अचाट, किळसवाणी रूपांतरं. विशीतला पोरगा होता तो, आणि कामानं इतका पिचला की शेवटी इस्पितळात भरती व्हावं लागलं.

दुसऱ्यांदा बघताना मी फक्त कुत्र्यावर नजर ठेवली. सुरुवातीला तळावर पळत येतो तो कुत्रा. तो भुंकत नाही, शेपूट हलवत नाही. बोळातून शांतपणे चालत जातो, दारं बघतो, एका खोलीपाशी थांबतो. आत भिंतीवर माणसाची सावली आहे, ती मान वळवते. कुत्रा आत शिरतो. दृश्य संपलं. कोण होता तो माणूस? पुढचा सगळा सिनेमा ह्या प्रश्नावर उभा आहे आणि मी पहिल्या वेळी त्या मिनिटापुढे लिहिलं होतं: "कुत्रा. गोड."

ह्या सिनेमाच्या निमित्तानं स्पॉयलरबद्दलही, म्हणजे सिनेमातलं गुपित आधीच फोडण्याबद्दलही, बोलून घेते. अगदी सुरुवातीला त्या कुत्र्यामागे बंदूक घेऊन धावणारा नॉर्वेजियन माणूस जिवाच्या आकांतानं काहीतरी ओरडतो. तळावरच्या एकालाही त्याची भाषा येत नाही, आपल्यालाही येत नाही. तो सगळं गुपित तिथेच सांगून टाकतोय! नॉर्वेत बसून सिनेमा बघणाऱ्याला पहिल्या काही मिनिटांतच उत्तर मिळतं. आणि तरी सिनेमा पुरून उरतो. म्हणून मी काय होतं ते झाकून ठेवण्याचा फार बाऊ करत नाही. कसं होतं आणि किती वेळ थांबवून होतं, ते मात्र प्राण गेला तरी सांगायचं नाही. गरम तारेनं रक्त तपासायचं दृश्य आहे, एवढं सांगितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तार कुठल्या वेळी कुणाच्या रक्तात शिरते, हे सांगितलं तर मी चोर.

विज्ञानपटांच्या वेळी वही उघडायची माझी तऱ्हा बदलते. तिथे मी खरी हिशेबनीस होते. सिनेमानं कुठलाही अशक्य नियम मांडावा, मी तो ओपनिंग बॅलन्स म्हणून निमूट मान्य करते. पुढे मात्र एकेक पै जुळली पाहिजे. 'प्रायमर' (२००४) सात हजार डॉलरमध्ये केलेला, सत्त्याहत्तर मिनिटांचा. त्यातलं कालयंत्र म्हणजे एक खोका. नियम दोन: यंत्र सुरू केलं त्या क्षणाच्या आधी जाता येत नाही, आणि सहा तास मागे जायचं तर सहा तास आत पडून राहायचं. कंटाळवाणं, घुसमटवणारं, आणि म्हणून खरं वाटणारं. तिसऱ्यांदा बघताना मी तक्ता काढायला बसले आणि मध्येच सोडून दिला. पण तो सिनेमा लबाडी करत नाही, ही माझी खात्री आहे. दिग्दर्शक शेन कॅरुथ पूर्वी इंजिनिअर होता, आणि बघणाऱ्याला समजावून सांगायची त्याला जराही घाई नाही.

'अ क्वायट प्लेस'चं (२०१८) खातं मात्र मला जुळवता येत नाही. आवाज केला की मरण, हा नियम झकास. पण बापलेक धबधब्यापाशी जातात आणि तिथे मोठ्यानं बोलता येतं, ओरडताही येतं, हे सिनेमाच दाखवतो. मग मुक्काम तिथे का नाही? हा प्रश्न प्रत्येक शौकिनानं विचारून झालाय. तरी माझी वही सांगते की बाळंतपणाच्या दृश्यात बारा मिनिटं कोरी आहेत. हिशेब चुकलेला आणि हात थांबलेला, दोन्ही एकदम. असं झालं की मी दोन्ही लिहिते, वजाबाकी करत नाही.

आणि अवकाशातला आवाज. निर्वातात आवाज पोचत नाही हे शाळेत शिकूनही आपण यानांचे स्फोट कानभर ऐकत आलो. १९६८ साली, माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षी, '२००१: अ स्पेस ओडिसी'नं तो नियम पाळला. यानाबाहेर, संगीत नसेल तिथे, एकतर श्वास किंवा काहीच नाही. अंतराळवीर फेकला जातो तेव्हा किंकाळी नाही, कडकडाट नाही. मी त्याला विज्ञानपट म्हणून कधी लिहिलंच नाही. माझ्या वहीत तो भयपटांच्या बाजूला आहे, आणि ह्यावरून माझं एका मित्राशी गेली कैक वर्षं भांडण आहे.

माझा नवरा ह्यातलं काही बघत नाही. शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसतो, दार लोटलेलं. त्याच्यापर्यंत फक्त आवाज जातात, आणि सिनेमा संपला की तो मला न बघितलेल्या सिनेमाचं परीक्षण ऐकवतो. "नुसती आदळआपट होती, दीड तास." बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

काल रात्री एक नवा सिनेमा बघितला, ज्यावर आता लिहायला बसले होते. अर्धं लिहूनही झालं होतं. बरा आहे, रचना नीटस, धास्ती बेताची, दोन दचके उसने. तेवढ्यात हा पाणी प्यायला आला आणि म्हणाला, "अगं, काल मधेच ते गुणगुणत कोण होतं? पंखा चालू होता बघ, त्याच्या खाली."

मी म्हटलं, कोणी नाही. गाणंबिणं नाहीच त्यात.

"होतं. बाई होती. बराच वेळ."

पंख्याचं दृश्य एकच आहे. मी मागे जाऊन हेडफोनवर आवाज वाढवला. पंख्याची घरघर, आणि तिच्या तळाशी, अगदी हळू, कुणीतरी अंगाईसारखं काहीतरी म्हणतंय. रिकाम्या खोलीत. पूर्ण दोन मिनिटं.

वहीत ४१ पुढे मी लिहिलंय: "काही नाही."