आधी टेस्ट, मग गहू बंद

पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत, थकवा जात नाही, मग कोणीतरी सांगतं गहू सोडून बघ, आणि लोक सोडतातही, काही दिवसांत बरं वाटायला लागतं म्हणून डॉक्टरकडे जायचं राहूनच जातं. मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, बार्लीसारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रोटीनमुळे आतडं बिघडतं असा आजार, त्यामुळे असं कोणी सांगितलं की फार काळजी वाटते. कारण टीटीजी आयजीए नावाची जी ब्लड टेस्ट असते ती ग्लुटेन पोटात जात असतानाच तयार होणाऱ्या अँटिबॉडी शोधते, ग्लुटेन बंद झालं की त्या हळूहळू उतरतात, आतडंही भरून यायला लागतं, आणि मग टेस्ट काय बायोप्सी काय, सगळं नॉर्मल येऊ शकतं. आजार मात्र असतोच. मग नक्की करायचं तर परत काही आठवडे गहू खावा लागतो आणि तो त्रास खरंच नको वाटतो. टेस्ट करताना टोटल आयजीए (या प्रकारच्या अँटिबॉडी शरीरात एकूण किती ते) पण करायला सांगा, काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, मग पहिली टेस्ट फसवते.

एवढा आटापिटा कशाला, बरं वाटतंय ना, असं म्हणणारे भेटतात. पण ही अ‍ॅलर्जी नाही हो, ऑटोइम्यून आजार आहे, ग्लुटेनमुळे आपलीच इम्युनिटी लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग लोह, फोलेट, कॅल्शियम अंगीच लागत नाही. कित्येकांना पोटाचा त्रास नसतोच, फक्त गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, किंवा हाडं ठिसूळ निघतात. गव्हाचा संबंध लक्षात आणून दिला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने, त्याला शंका आधीपासून होती, १९४४-४५ च्या दुष्काळात पाव मिळेनासा झाला तेव्हा त्याचे पेशंट असलेली मुलं सुधारली आणि शंका पक्की झाली.

एकदा निदान झालं की गहू, बार्ली, राय आयुष्यभर बंद, पथ्याला पर्याय ठरेल असं औषध अजून नाही. थोडंसं चालतं असं घरचे प्रेमानेच म्हणतात, पण नाही चालत. पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायची मर्यादा बऱ्याच देशांत २० पीपीएम आहे, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम, यावरून अंदाज घ्या. त्यामुळे टोस्टर वेगळा, लाकडी पाट वेगळा, तळणाचं तेल वेगळं, आणि सोया सॉस, माल्ट, ओट्सचं पाकीट नीट वाचायचं. ओट्समध्ये गहू मिसळलेला असतो बऱ्याचदा.

आणि आईवडील, भावंडं, मुलं यांचीही टेस्ट करून घ्या, जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो. सोय म्हणून सगळ्या घराचाच गहू बंद करायचा विचार असेल तर त्यांचे रिपोर्ट येईपर्यंत थांबा.