मिशा आधी, वाघ नंतर

जलरंगात वाघ रंगवायचा तर सगळ्यात आधी विचार करावा लागतो तो मिशांचा. तैलरंगात काम करणारा मिशा अगदी शेवटी काढतो. चित्र पुरे झाले की पांढऱ्या रंगाचे चार फटकारे मारले म्हणजे त्याचे काम भागते. पारदर्शक जलरंगात मात्र पांढरे म्हणजे कोरा कागद, आणि एकदा रंगाखाली गेलेला कागद पुन्हा पूर्वीइतका कोरा होत नाही. त्यामुळे गालावर पहिला पिवळसर वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, चढण्यापूर्वीच मिशा कुठून निघतील आणि कुठे वळतील हे ठरवून तेवढ्या रेघा मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने) झाकून ठेवाव्या लागतात, म्हणजे वाघाचा अजून पत्ता नसताना त्याच्या मिशा कागदावर हजर असतात. हे द्रव्य चांगल्या ब्रशची वाट लावते, म्हणून त्यासाठी टाक वापरलेला बरा. रेघही बारीक येते.

पांढरे गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरणे म्हणजे लबाडी, असे मानणारे सोवळे जलरंगकार आहेत. मला ते पटत नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1502 मध्ये रंगवलेला ससा आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. जेमतेम 25 सेंटीमीटर उंचीच्या त्या चित्रात खाली जलरंगाचे पातळ थर आहेत आणि वरचे कितीतरी केस अपारदर्शक रंगाने एकेक करून ओढलेले आहेत. जहांगीराच्या दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूरचे सारे काम तर अपारदर्शक जलरंगातलेच. 1621 मध्ये दरबारात झेब्रा आला तेव्हा त्याचे पट्टे कोणीतरी रंगवले असावेत अशी शंका काहींना आली होती, असे जहांगीराने लिहून ठेवले आहे. मन्सूरने तोही चितारला.

ड्यूररचे केस पाहून आपणही सगळे केस काढावेत असा मोह होतो, आणि तिथेच प्राणी पेंढा भरल्यासारखा दिसू लागतो. केसांची संख्या नव्हे, दिशा सांभाळावी लागते. वाघाच्या नाकाजवळ ते आखूड आणि अंगाला चिकटलेले असतात, कपाळावरून मागे जातात, गालांवर लांब होऊन बाहेरच्या बाजूला झुकतात. ओल्या कागदावर उजेड-सावलीच्या मोठ्या भागांचे रंग आधी सोडावेत, ते पूर्ण वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशचे टोक बोटांनी फाकवून उजेड जिथे सावलीत शिरतो तेवढ्याच पट्ट्यात केस ओढावेत. भर उन्हातला खांदा आणि पोटाखालची गडद सावली जवळपास तशीच राहू द्यावी. तिथले केस पाहणारा मनानेच भरून घेतो.

पट्ट्यांसाठी नळीतला काळा मी टाळतो, कारण तो निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग दाट मिसळले की चांगला काळोख मिळतो, आणि प्रमाण बदलून तो सावलीत निळसर, उजेडात तपकिरी करता येतो.

डोळ्याला मात्र सबुरी चालत नाही. बाहुलीवरची चमक म्हणजे मोहरीएवढा कोरा कागद, तो आधीच राखावा लागतो. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडलेली दाखवावी लागते. आणि वाघाची बाहुली गोल असते, घरच्या मांजरीसारखी उभी चीर नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. अंगाला हात लावण्यापूर्वी मी डोळा पुरा करतो, कारण तो फसला तर कागद उलटून नव्याने सुरुवात करता येते, आणि जाड सुती कागदाची मागची बाजू बहुधा पुढच्याइतकीच चांगली निघते.