तालमीतले ऐकणे

महाविद्यालयात एकांकिका बसवणाऱ्या मुलांना पहिली घाई असते ती उभे राहण्याची. संहिता हाती पडते न पडते तोच कोण कुठल्या विंगेतून येणार याची चर्चा रंगते आणि पाठांतर झाले की अभिनय आला, असे गृहीत धरले जाते. मी मात्र सुरुवातीचे बरेच दिवस सगळ्यांना गोल बसवून फक्त वाचन करून घेतो, कारण समोरच्याचे वाक्य मनापासून ऐकल्याशिवाय स्वतःचे वाक्य खरे उमटत नाही, अशी माझी ठाम धारणा आहे.

त्यासाठीचा एक सराव मला फार महत्त्वाचा वाटतो. दोघांना समोरासमोर बसवून 'जेवलास का?' आणि 'हो, जेवलो' एवढीच वाक्ये द्यायची. आधी ती वसतिगृहातल्या मित्रांची. मग निकालात नापास होऊन रात्री उशिरा घरी आलेला मुलगा आणि त्याच्यासाठी जागी राहिलेली आई यांची. दुसऱ्या खेपेला बहुतेक मुले लगेच आवाज कापरा करतात, खांदे पाडतात. तेव्हा मी मुलाचे काम करणाऱ्याला इतकेच सांगतो, की आईला निकाल कळला आहे की नाही, हे तिच्या स्वरावरून ओळख आणि मगच उत्तर दे. तेवढ्याने 'हो'च्या आधी जो थांबा येतो, तो शिकवून कधीच येत नाही.

पुण्यात १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर भर असतो, हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते. लपायला जागाच उरत नाही.

उच्चारांबाबतही थोडे लिहायला हवे. सोलापूर किंवा नांदेडकडून आलेल्या मुलाची बोली पुसून टाकणे मला अजिबात मान्य नाही, मात्र वाक्याचा शेवट गिळण्याची सवय मोडावीच लागते. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात, त्यामुळे 'मी पैसे घेतले नाहीत' यातला 'नाहीत' विरला, तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पात्र चोरीची कबुली देताना ऐकू येते. म्हणून तालमीत प्रत्येक प्रवेशाच्या वेळी, त्यात काम नसलेल्या एकाला मी संहिता न देता सर्वांत मागे बसवतो आणि शब्द हरवला की हात वर करायला सांगतो. हे काम प्रमुख भूमिका करणाऱ्यांनाही आळीपाळीने करावे लागते.