हॅम्बुर्गचा बंकर, १:३५० स्केल: एक कोपरा कापला

हॅम्बुर्गमधल्या एका बंकरचं मॉडेल करतोय, मूळच्या ३५०व्या हिश्श्याच्या मापात. मागच्या नोंदीत त्याच्या चारही भिंती उभ्या होत्या. या आठवड्यात त्या मोडून नव्याने केल्या आणि एक कोपरा मुद्दाम कापून उघडा ठेवला.

फेल्डश्ट्रासे या रस्त्याजवळचा हा विमानवेधी तोफांचा बुरूज १९४२ मध्ये वेठीला धरलेल्या मजुरांकडून बांधून घेतला होता. पाया सुमारे ७५ बाय ७५ मीटर, उंची ३८, भिंती साडेतीन मीटर जाड. १:३५० मध्ये ती जाडी बरोबर एक सेंटिमीटर येते. मी आधी २ मिलिमीटरच्या माउंटबोर्डचं (कडक पुठ्ठ्याचं) पोकळ खोकं केलं होतं. बाहेरून फरक कळत नव्हता, पण मन मानेना. या इमारतीचं सगळं नशीब त्या जाडीत आहे. जुलै १९४३ च्या बॉम्बवर्षावात हजारो लोक त्या भिंतींमागे वाचले. युद्धानंतर सुरुंग लावायचा तर शेजारची घरंही गेली असती, म्हणून बुरूज राहिला. (हॅम्बुर्गच्याच विल्हेल्म्सबुर्ग भागातला बंकर ब्रिटिशांनी १९४७ मध्ये आतून उडवला, तरी कवच उभंच. आज त्यात २० लाख लिटर गरम पाण्याची टाकी आहे. पुढचं मॉडेल त्याचंच!)

तर आता ५ मिलिमीटरच्या फोमबोर्डचे दोन थर. पहिली भिंत वाळताना वाकली, कारण वर वजन ठेवलं नव्हतं. दुसरी रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली, सरळ आली. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे सुरीच्या पाठीने ओढले आणि गेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात दिले. जाड हात देऊ नका, रेघा बुजतात.

उघड्या कोपऱ्यात टीव्ही स्टुडिओ येणार. डिसेंबर १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीचं नियमित प्रक्षेपण याच बंकरमधून सुरू झालं. तोफांच्या जागी कॅमेरे, हे मला दाखवायचंच आहे.

छपरं दोन, अदलाबदल करता येतील अशी. एकावर १२.८ सेंटिमीटरच्या चार जोडतोफा. दुसऱ्यावर २०२४ मध्ये खुली झालेली, झाडं लावलेली हिरवी चढण: पाच मजल्यांची भर, एकूण उंची ५८ मीटर, आत हॉटेल. भिंतींना वळसे घालत वर जाणारी वाट ५६० मीटर आहे, म्हणजे मला १ मीटर ६० सेंटिमीटर लांब पट्टी लागणार. अजून अर्धीच कापून झाली आहे.

झाडांचं मात्र अडलंय. तीन मीटरचं झाड इथे जेमतेम साडेआठ मिलिमीटर होतं आणि स्पंजचा चुरा त्या मापाला फार ढोबळ दिसतो. वाळवलेलं शेवाळ चाळणीतून काढून पाहतोय.