कूलरवाल्या खोलीतलं नेट

नागपुरातल्या घराचे दोन नकाशे असतात. एक महापालिकेत पास झालेला आणि दुसरा होळी झाली की आपसूक लागू होणारा. या दुसऱ्या नकाशात वरचा मजला जवळजवळ बाद होतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोन वाजेपर्यंत ते खोलीत सोडत बसतो. मग सगळं बिऱ्हाड खालच्या मधल्या खोलीत उतरतं, कारण कूलर तिच्या खिडकीला लागलेला असतो. गाद्या तिथेच, आंब्यांची पेटी तिथेच, आईच्या गोळ्यांचा डबा तिथेच. पारा ४५ च्या पुढे गेला की जेवणाची ताटंसुद्धा तिथेच येतात.

आमच्या घरातली नेटची वायरिंग मात्र पहिल्या नकाशाप्रमाणे झालेली. वरची खोली बांधली तेव्हा दादाने हौसेने भिंतीतल्या पाइपातून निळी केबल फिरवून घेतली. एक पॉइंट वर त्याच्या टेबलाशी, एक प्रिंटरला, एक खाली बैठकीत टीव्हीच्या मागे. फायबर गच्चीवरून येतं, त्यामुळे नेटवाल्याचा डबा वरच आणि त्याच्या शेजारी पाच पोर्टचा, म्हणजे केबलच्या पाच भोकांचा, स्विच; एका केबलचं नेट तो बाकीच्या केबलींत वाटतो. काम चोख होतं. फक्त ते डिसेंबरात झालं होतं, आणि डिसेंबरात कुणाला खालच्या मधल्या खोलीची आठवण येते?

त्यात आताच्या बऱ्याच लॅपटॉपना केबल लावायचं भोकच नसतं. वहिनीचं ऑफिस आठवड्यातले अर्धे दिवस घरूनच चालतं. डब्याचं वायफाय स्लॅबमधल्या लोखंडातून खाली येईपर्यंत धापा टाकू लागायचं. मीटिंगमध्ये सगळे चेहरे गोठलेले, आणि इकडे खोलीतही मुलं ‘कूलर बंद करू नका ना’ म्हणून रडकुंडीला आलेली.

मी बर्डीच्या बाजारात जाऊन नवीन काहीतरी आणावं म्हणत होतो, तर पुतण्या म्हणाला, ‘काका, तुम्ही नवीन घ्यायचं म्हणून राहिले, अन् जुना राऊटर माळ्यावर पडून राहिला. तोच लावू ना.’ राऊटर निघाला दिवाळीच्या माळांच्या पिशवीत. ॲडॉप्टर मिक्सरच्या डब्यात का होता, हे कुणी विचारलं नाही.

त्याने जे केलं ते मला फार आवडलं. आधी राऊटर कशालाही न जोडता एकट्या लॅपटॉपला लावला. त्याचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.१ होता, आणि वरच्या डब्याचाही नेमका तोच. शेजाऱ्यांच्या घरातही बहुधा तोच असेल. नव्वदच्या दशकात हे आकडे खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवले गेले, तेव्हापासून गल्लोगल्ली एकाच नंबराची घरं सुखाने नांदताहेत. एकाच घरात मात्र दोघांचा नंबर एक असून चालत नाही. म्हणून जुन्याच्या पत्त्यातला शेवटचा आकडा २ केला. मग डीएचसीपी नावापुढची टिचकी काढली, म्हणजे ते काम बंद केलं.

ही टिचकी फार महत्त्वाची. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला पत्ता वाटण्याचं काम डीएचसीपी करतो. दवाखान्यात दोन कंपाउंडर दोन वेगळ्या वह्यांतून नंबर देऊ लागले, तर बारा नंबरचे दोन पेशंट उभे राहतात आणि डॉक्टर कुणालाच तपासत नाहीत. त्यात हा दुसरा कंपाउंडर बाहेरच्या जगाचं दार म्हणून स्वतःकडेच बोट दाखवतो, आणि त्याच्या मागे तर नुसती भिंत. फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण पान काही उघडत नाही, यामागे बरेचदा असला कारभार असतो. पत्ते वाटायचे ते वरच्या डब्यानेच. खालच्याने फक्त केबलमधलं हवेत सोडायचं आणि हवेतलं केबलमध्ये घालायचं.

राऊटरवर बाहेरचं नेट घ्यायला वेगळ्या रंगाचं जे एकुलतं पोर्ट असतं, ते म्हणूनच मोकळं ठेवायचं. वरून आलेली केबल चार सारख्या पोर्टांपैकी एकात जाते. त्या वेगळ्या पोर्टात घातली तर नेट येतं खरं, पण खालच्यांचं एक निराळंच नेटवर्क तयार होतं, आणि वरचा प्रिंटर वहिनीला दिसेनासा होतो.

मधल्या खोलीत पॉइंट नव्हता, म्हणून टीव्हीमागची केबल पुढे न्यायची होती. इलेक्ट्रिशियनला मी खिडकीतल्या कूलरच्या वायरीचं भोक दाखवलं. तो हसला. ‘पाण्याची जागा हाय भाऊ ती. अन् लाइटच्या वायरीला घासून ही नाही टाकत मी.’ मग दाराच्या चौकटीवरून पट्टी मारून केबल आत घेतली. त्याने टोक सोललं आणि मी स्टूल ओढून बसलो. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा पीळ कमी-जास्त. एका जोडीतलं दुसरीत झिरपू नये म्हणून ही तजवीज. त्याने पीळ उकलून तारा नखाने सरळ केल्या आणि क्रम लावला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नागपुरात नारिंगीला पहिला मान, हे ठीकच. पण हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का घुसवली? तर मधल्या दोन जागा पूर्वीपासून टेलिफोनच्या. आमच्याकडचा काळा फोन कधीच भंगारात गेला, त्याची बसायची जागा मात्र या इवल्याशा प्लगमध्ये अजून राखीव आहे.

राऊटर कुठे टांगायचा यावर थोडी वादावादी झाली. आईला तो खिडकीपाशी, कूलरच्या वर हवा होता, म्हणजे ‘गरम होणार नाही’. पण पत्र्याची पेटी, पाण्याने भरलेली टाकी, वर ओल्या ताट्या. वायफाय अडवायला याहून चांगली भिंत कुणी मुद्दाम बांधली नसती. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या पिऊन टाकतं. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही वायफायच्या जातीच्याच लहरींनी, २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच अन्नातलं पाणी तापवत असतो. तेव्हा राऊटर समोरच्या भिंतीवर, दारापाशी गेला. नाव आणि पासवर्ड वरच्याचाच ठेवला, चॅनेल, म्हणजे लहरींचा पट्टा, मात्र वेगळं. वरचा १ वर, खालचा ११ वर. आता फोन घेऊन जिना उतरलं की तो आपला आपण या राऊटरवरून त्या राऊटरवर जातो. कधीकधी वरच्यालाच चिकटून राहतो, मग त्याचं वायफाय बंद-चालू करावं लागतं.

एवढं झाल्यावर घरात ‘आता त्या वायरी काढून टाका’ असा सूर निघाला. मला तो मुळीच मान्य नाही. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. केबलवर ज्याची त्याची वाट वेगळी, आणि तीही दुहेरी. जे घरात फिरतं त्याने हवेवर जावं. टीव्ही काही फिरत नाही, प्रिंटर तर बरेचदा चालतही नाही. त्यांना केबलच बरी. शिवाय जुनं घराणं तारेचं आणि नवं बिनतारी, हेही तितकंसं खरं नाही. १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेट, म्हणजे ही केबलवरच्या नेटवर्कची पद्धत, मांडली, ती हवाई बेटांवरच्या अलोहानेट या नेटवर्कवरून सुचलेली, आणि अलोहानेट चालायचं रेडिओवर. हवेतली युक्ती तारेत आली, आणि पुढे तारेतून पुन्हा हवेत गेली.

वर स्विचमध्ये आता एकच पोर्ट उरलंय. पुतण्याला ते गेमच्या डब्यासाठी हवंय, वहिनीला गेटच्या कॅमेऱ्यासाठी. सध्या वहिनीचं पारडं जड आहे. गेटपर्यंतचं अंतर मोजून झालं, केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेत ते आरामात बसतं, आणि इलेक्ट्रिशियन मृगाच्या आधी येतो म्हणालाय.