ओम्नीचे चिकटलेले ड्रम काढताना

मामांची जुनी ओम्नी अख्खा पावसाळा रत्नागिरीत घराशेजारच्या उतारावर उभी होती, हँडब्रेक ओढून. वरून पाऊस आणि समुद्राचं खारं वारं. दसऱ्याच्या सुमारास हलवायला गेलो तर मागची चाकं जाम. हळूच पुढे-मागे केल्यावर उजवं चाक ‘टक्’ करून सुटलं, डावं घासतच राहिलं. तशीच ढकलत सपाट अंगणात आणली आणि मागचे दोन्ही ब्रेक ड्रम, म्हणजे चाकामागची ब्रेक झाकणारी गोल लोखंडी भांडी, उतरवायचं ठरवलं.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. माझ्या हातातली हातोडी बघून म्हणाले, “ती आधी खाली ठेव. ड्रम बीडाचा आहे. बीड वाकत नाही, तडकतं.” डाव्या ड्रमच्या कडेचा टवका पूर्वी कुणीतरी छिन्नी लावून उडवलेला होता, तो त्यांनी बोट फिरवून दाखवला.

ओम्नीच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ही गाडी मागच्या चाकांवर चालते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. म्हणजे मागचा भाग जॅकवर उचलला की गिअरही गाडी धरत नाही आणि हँडब्रेकही नाही. शिवाय ड्रम काढायला हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे ठोकून बसवले. नट जमिनीवर असतानाच सैल केले, मग गाडी उचलून अ‍ॅक्सलखाली दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लावल्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर गाडी ठेवून ड्रमशी झटापट करू नका. ओढाताणीत गाडी हलते, आणि त्या वेळी आपले पाय तिच्याखाली असतात.

चाकं उतरवल्यावर काकांनी ड्रम हाताने फिरवून बघायला सांगितलं. मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. ड्रम दोन वेगवेगळ्या कारणांनी अडकतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे. उजवा मोकळा फिरत होता, पण बाहेर तसूभरही येत नव्हता. म्हणजे शूजनी (ड्रमला आतून दाबून ब्रेक लावणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांनी) धरलेलं नव्हतं, मधल्या भोकात हबच्या, म्हणजे ड्रम आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, गोलाईवर गंज चढला होता.

तिथे वायर ब्रश मारला आणि गंज सोडवणारं तेल अगदी थोडं, फक्त त्या फटीत सोडलं. जास्त ओतलं तर ते आत लायनरवर, म्हणजे शूजवरच्या घासणाऱ्या थरावर, जातं. मग रात्रभर तसंच ठेवलं. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट बसतात; ते आवळले की हबवर टेकून ड्रमला बाहेर ढकलतात. पण आट्यांत चिखल आणि गंज भरलेला, म्हणून आधी ती भोकं साफ केली. दुसऱ्या दिवशी बोल्टना ग्रीस लावून आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत गेलो. बोल्ट जड झाला की थांबायचं, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडांच्या मधल्या सपाट भागावर लाकडाचा तुकडा धरून हलके ठोके द्यायचे, मग पुन्हा आवळायचं. एकाच बोल्टवर जोर काढला तर आटे जातात किंवा ड्रम फुटतो. शेवटी बारीकसा कडकडाट झाला आणि ड्रम पुढे सरकला.

गॅसची ज्योत लावून ड्रम तापवायची सूचना एका ओळखीच्याने केली होती. ती मी साफ नाकारली. गाडीत एलपीजीचं किट, मागे टाकी आणि ड्रमच्या आत ब्रेक ऑइल!

डाव्याचं दुखणं वेगळं. तो थोडा बाहेर यायचा आणि अडायचा. ड्रम झिजला की आतल्या काठाला धार उरते, तिच्यामागे शूज अडकतात. इथे बोल्ट आवळत राहिलो असतो तर लायनर उचकटले असते. हँडब्रेकची केबल पूर्ण सैल केली, मागच्या प्लेटमधलं रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हरने आतला हँडब्रेकचा लिव्हर मोकळा केला. शूज आत गेले आणि ड्रम हातात आला.

आतली काळी पूड फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही. मास्क लावून, ब्रेक क्लीनरने भिजवून, फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

डाव्या व्हील सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शूज ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, रबरी टोपीखाली ओल दिसली. ब्रेक ऑइल झिरपत होतं. ड्रम बाहेरूनच ठोकून मोकळा करून गाडी पळवली असती तर हे कळलंच नसतं. दोन्ही सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे लायनर नवे टाकले. टवका उडालेला डावा ड्रम बदलला, उजवा लेथवर साफ करून घेतला. किती व्यासापर्यंत चालतो ते ड्रमवरच कोरलेलं असतं. जोडताना हबच्या गोलाईवर तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात फिरवला, ब्रेक ऑइलमधली हवा काढली, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबलं आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश तपासूनच गाडी मामांच्या ताब्यात दिली. आता पावसात उभी राहते तेव्हा ती सपाटीवर असते, गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून आणि हँडब्रेक सोडलेला.